डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधदान
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पिंगुळी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची कथा येते. त्यांपैकी एका भवात ते जीवानंद नावाचे वैद्य होते. राजपुत्र, मंत्रिपुत्र, श्रेष्ठिपुत्र असे त्यांचे पाच मित्र. एकदा हे सहाही जण जीवानंदाच्या घरी बसले असता गोचरीसाठी एक मुनिराज आले. त्यांच्या देहाला कृमिकुष्ठाने ग्रासले होते. राजपुत्र महीधराने मित्राला टोमणा मारला, की वैद्यांना पैसेवाल्याखेरीज दुसरा रोगी दिसतच नाही. जीवानंदाने तो मानला आणि सांगितले, की उपचार ठाऊक आहे, परंतु त्यास तीन वस्तू लागतील. लक्षपाक तेल घरी आहे; गोशीर्ष चंदन आणि रत्नकंबल मात्र नाही. मित्र बाजारपेठेत एका वृद्ध व्यापाऱ्याकडे गेले. त्याने प्रत्येक वस्तूची किंमत एक लाख सुवर्णमुद्रा सांगितली. मित्र ती मोजावयास तयारही होते. परंतु हा माल कशासाठी हवा, असे व्यापाऱ्याने विचारले आणि मुनींच्या उपचारासाठी हे कळताच एकही मुद्रा न घेता दोन्ही वस्तू देऊन टाकल्या.

प्रवचनांतून ही कथा वैद्याच्या पुण्याईसाठी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. व्यापारी माणसाच्या कानाला मात्र तीत आणखी एक गोष्ट ऐकू येते. वैद्य जाणता होता, निदान अचूक होते, रोगी समोर होता; तरीही उपचार औषधाच्या किमतीपाशी अडला होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर चिठ्ठी तयार होती, दुकानात अडले होते. आणि तेथे तो सोडविला एका दुकानदाराने.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार परंपरेने सांगितले. आहारदान स्वामीवात्सल्याच्या रूपाने उत्साहाने होते. ज्ञानदानासाठी पाठशाळा चालतात, वह्या-पुस्तके वाटली जातात. अभयदानासाठी पांजरपोळांना मदत जाते. औषधदान मात्र हळूहळू वर्षातून एका आरोग्य शिबिरापुरते उरले आहे. मंडप पडतो, डॉक्टर येतात, रक्तदाब मोजला जातो, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात, छायाचित्रे निघतात. शिबिर वाईट नव्हे. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे तेथेच प्रथम कळते. परंतु मधुमेहाची गोळी जन्मभर घ्यावयाची असते. सहाव्या दिवशी ती कोठून आणावयाची, याचे उत्तर शिबिराजवळ नसते.

खरे संकट या सहाव्या दिवसाचे आहे. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो, डोंगराएवढा दिसतो, म्हणून नातलग धावतात, दागिना गहाण पडतो, समाजही झोळी फिरवितो. महिन्याचे औषधाचे बिल डोंगराएवढे नसते. ते वाळवीसारखे असते. हृदयविकाराच्या, दम्याच्या, मूत्रपिंडाच्या, फिट्सच्या औषधांसाठी दरमहा दोन-तीन हजार रुपये ज्या घराला लागतात, ते घर कोणाला गरीब दिसत नाही. दुकानाची पाटी जागेवर असते. मग घरातील वडीलधारी व्यक्ती, बहुधा आई, कोणाला न सांगता रोजच्या दोन गोळ्यांची एक करते. पुढे एक दिवसाआड घेऊ लागते. "आता बरे वाटते" असे सांगते. रक्तदाबाचे औषध असे मध्येच सोडले तर पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि मग जो खर्च येतो तो त्या गोळ्यांच्या शंभर पट असतो. हिशेबाच्या दृष्टीनेही हा व्यवहार बुडीतच आहे.

यावर साहाय्य कोठून मिळते, याचा क्रमाने विचार केला पाहिजे. बहुतेक लोक पहिल्यांदा दाता शोधतात. पहिल्यांदा भाव पाहावा.

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ताग्याला हात लावते, पोत पाहते, रंग जाईल का विचारते, भाव परवडला नाही तर दुसरा माल दाखवा म्हणते. औषधाच्या दुकानात माल निवडणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. एकच औषधी द्रव्य, तितक्याच मात्रेचे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी वेगवेगळ्या भावाने विकले जाते. चिठ्ठीवर कंपनीचे नाव असेल तर केमिस्टने स्वतःच्या मनाने दुसऱ्या कंपनीचे औषध देऊ नये, असा औषधविक्रीच्या नियमांचा दंडक आहे. तेव्हा त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. बोलावयाचे ते डॉक्टरांशी. "डॉक्टरसाहेब, हे औषध मूळ नावाने लिहून द्याल का? दर महिन्याला एवढे झेपत नाही," हे एक वाक्य म्हणण्यास धीर लागतो, कारण त्यात आपली परिस्थिती उघडी होते. परंतु झेपत नाही हे डॉक्टरांना कळलेच नाही तर ते स्वस्त पर्याय सुचविणार तरी कसे? औषध मूळ, म्हणजे जेनेरिक, नावाने आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, असे वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच सांगितले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते अधिक कडक करणारे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. तो वाद येथे नको.

मूळ नावाची चिठ्ठी हाती आली की जनऔषधी केंद्राचा मार्ग मोकळा होतो. ही योजना नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथील पहिल्या दुकानाने सुरू झाली. कित्येक वर्षे ती नावापुरतीच होती. २०१५-१६ नंतर तिने वेग घेतला, २०२३ मध्ये दहा हजारावे केंद्र उघडले आणि २०२५ च्या आरंभी केंद्रांची संख्या पंधरा हजारांवर गेली. तेथील औषधे नामांकित कंपन्यांच्या मालापेक्षा साधारणतः ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. म्हणजे तीन हजारांचे बिल कित्येकदा हजारावर येते. ही बचत कोणाच्याही दारी न जाता होते. जवळचे केंद्र कोठे आहे आणि हवे ते औषध तेथे आहे का, हे 'जनऔषधी सुगम' या मोबाईलवरील ॲपवर पाहता येते. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला पाच मिनिटांचे काम आहे. सगळीच औषधे तेथे मिळतात असे नाही, आणि फिट्ससारख्या काही आजारांत कंपनी बदलताना डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. स्वस्त म्हणजे हलके, ही समजूत मात्र सोडावी. व्यापाऱ्याला तरी हे ठाऊक असावे की एकाच गिरणीचे कापड दोन शिक्क्यांनी विकले जाऊ शकते.

भावाविषयी आणखी थोडे. अत्यावश्यक औषधांच्या किमतींवर १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाची मर्यादा असते. जी औषधे या यादीत नाहीत त्यांची छापील किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली गेली, तेव्हा कित्येक औषधांचे भाव निम्म्याहून खाली आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवरक्षक औषधांवरील कर पूर्णपणे गेला. तेव्हा बिल घ्यावे, आणि ते वाचावे. चार आण्यांच्या वटावासाठी तासभर घासाघीस करणारे गृहस्थ औषधाचे बिल न पाहता खिशात घालतात, हे नवल आहे.

दुसरा टप्पा हक्काचा. शासकीय रुग्णालयात जाणे कमीपणाचे, असे ज्या घरांना वाटते त्यांनी हे ध्यानी घ्यावे की तेथील औषधे आपल्याच करातून येतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, उपचार व औषधे निःशुल्क आहेत. मधुमेह आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात मिळतात. साठा संपलेला असेल तर फेरा पडतो, हे खरे. परंतु वर्षातून आठ महिने मिळाल्या तरी आठ महिन्यांचे पैसे वाचले. क्षयरोगाची औषधे सरकार मोफत देतेच, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. एचआयव्हीची औषधे २००४ पासून मोफत आहेत. या दोन आजारांचे औषध कोणी लपूनछपून विकत घेत असेल तर तो खर्च केवळ लाजेचा आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी समाजात मोठा गैरसमज आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर आली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. प्रारंभी ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती होती. २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू आहे आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. "आमचे कार्ड पांढरे आहे, आम्हांला काही मिळत नाही" हे वाक्य पिंगुळी-कुडाळात अजून ऐकू येते. ते आता खरे नाही. परंतु या योजनेची मर्यादाही समजून घ्यावी. यादीतील आजारासाठी, यादीतील रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला ती आहे. दाखल असतानाची औषधे व घरी गेल्यावरची थोड्या दिवसांची औषधे तीत येतात. त्यापुढील आयुष्यभराची गोळी येत नाही. मुख्यमंत्री साहाय्यता निधीचेही तसेच. त्याची रक्कम रुग्णालयाला मिळते. म्हणजे फिरून सहावा दिवस आलाच.

मोठ्या आजारासाठी या परिसरातील माणूस ओरोसला जातो, बांबोळीला जातो, कोल्हापूरला जातो, नाहीतर कोकण रेल्वेने मुंबई गाठतो. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जानेवारी २०१८ मध्ये गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गात केवढी अस्वस्थता पसरली, हे अनेकांना आठवत असेल. मुंबईत परळचे के.ई.एम. आणि टाटा ही दोन नावे मालवणी घराघरांत ठाऊक आहेत. परंतु तेथे केसपेपर कोठे काढावा हे जितके ठाऊक असते, तितके समाजसेवा विभागाचे दार कोठे आहे हे ठाऊक नसते. के.ई.एम.सारख्या महापालिका रुग्णालयांत 'पुअर बॉक्स' नावाचा निधी असतो. दात्यांच्या देणग्या त्यात जमा होतात आणि बाहेरून आणावयाच्या औषधासाठी गरजूला त्यातून साहाय्य मिळते. टाटा रुग्णालयातही समाजसेवकच दानशूर संस्थांशी रुग्णाची गाठ घालून देतात. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्थाही वैद्यकीय मदत देतात. काही महागड्या औषधांसाठी कंपन्यांच्याच सवलत-योजना असतात. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब हे औषध मूळ कंपनीने २००२ पासून एका संस्थेमार्फत अनेक भारतीय रुग्णांना मोफत दिले. यकृत-मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील दुसऱ्या एका औषधाचा महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजार होता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी भारतीय कंपनीला ते बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि तोच खर्च नऊ हजारांच्या आत आला. तेव्हा डॉक्टरांनी एखाद्या इंजेक्शनची किंमत लाखात सांगितली तर घर विकण्याचा विचार करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: याला भारतीय कंपनीचा पर्याय आहे काय? कंपनीची काही योजना आहे काय? समाजसेवा विभाग कोठे बसतो?

आता जो भाग विश्वस्त मंडळींनी विशेष ध्यानी घ्यावयास हवा, तो कायद्याचा. ज्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली आपला ट्रस्ट नोंदलेला आहे, त्याच कायद्याखाली मुंबईतील कित्येक नामांकित रुग्णालयेही नोंदलेली आहेत. जसलोक, लीलावती, हिंदुजा ही नावे ऐकून सामान्य माणूस पाऊल मागे घेतो. परंतु ती धर्मादाय रुग्णालये आहेत. कायद्याच्या कलम ४१कक प्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली यासंबंधीची योजना १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आहे. प्रत्येक रुग्णालयाने इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावयाची, आणि निर्धन रुग्णाच्या औषधांचा खर्च त्या निधीतून भागवावयाचा. दुर्बल घटकातील रुग्णाला औषधे खरेदीच्या भावाने लावावयाची आणि त्या बिलाचा किमान निम्मा भाग त्याने भरावयाचा. खरेदीच्या भावाने, छापील किमतीने नव्हे! दोहोंत केवढा फरक असतो, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० रुपये आणि दुर्बल घटकासाठी ३,६०,००० रुपये आहे. बाजार ऑनलाइन गेल्यापासून ज्या छोट्या दुकानांची विक्री घटली आहे, त्यांच्यापैकी कित्येक घरे प्रामाणिकपणे या दुसऱ्या मर्यादेत बसतात. प्रामाणिकपणे, हा शब्द महत्त्वाचा. विवरणपत्रात एक उत्पन्न आणि तहसीलदारांपुढे दुसरे, असा खेळ करून गरिबाची खाट अडविणे हे अदत्तादानच होय. उलट, ज्याचा हक्क आहे त्याने तो मागण्यास संकोचू नये. रुग्णालयाने नकार दिला तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि या कामी रुग्णाच्या एकट्या नातलगापेक्षा एका नोंदणीकृत ट्रस्टचे पत्र अधिक वजनदार ठरते. ट्रस्टने करावयाचे हे पहिले काम. त्याला पैसा लागत नाही, केवळ लेटरहेड आणि पाठपुरावा लागतो.

दुसऱ्या कामाला पैसा लागेल. भाव उतरविला, हक्काचे मिळविले, तरीही दरमहा जो आकडा उरतो, तो उचलण्यासाठी ट्रस्टमध्ये स्वतंत्र औषधदान खाते असावे. देवद्रव्याला हात लावण्याचा प्रश्नच नाही. शास्त्राने ती मर्यादा घातली आहे. साधर्मिक भक्ती आणि अनुकंपा ही दोन खाती परंपरेने आहेतच. पहिल्यातून समाजबांधवांचे आणि दुसऱ्यातून गावातील कोणाचेही औषध द्यावे. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला जपणाऱ्या ठाकर समाजामुळे पिंगुळीचे नाव देशभर झाले, २०२१ च्या पद्म पुरस्कारांत येथील एका कलावंताचा सन्मान झाला. त्या वाड्यांतही दम्याचे आणि रक्तदाबाचे रुग्ण आहेतच. अनुकंपेला जात विचारावयाची नसते. मात्र ट्रस्टच्या घटनेत वैद्यकीय साहाय्याचा उद्देश स्पष्ट लिहिलेला आहे ना, हे लेखापरीक्षकांकडून आधी तपासून घ्यावे. चांगल्या हेतूने केलेला, परंतु उद्देशाबाहेरचा खर्च पुढे विश्वस्तांनाच भोवतो.

कार्यपद्धती साधी असावी. रोख रक्कम कोणाच्या हाती देऊ नये. रोख पैसा घरात गेला की तो विजेच्या बिलाला आणि मुलाच्या फीला जातो, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. ठरलेल्या केमिस्टकडे ट्रस्टचे खाते असावे. रुग्णाने चिठ्ठी दाखवावी, औषध न्यावे, बिल महिनाअखेरीस ट्रस्टकडे यावे आणि धनादेशाने चुकते व्हावे. सोळा ते वीस टक्क्यांचा नफा केमिस्टलाही असतोच; पन्नास घरांचे नियमित गिऱ्हाईक मिळत असेल तर तो त्यातून काही सोडील, मागून पाहावे. वहीत रुग्णाचे नाव नसावे, क्रमांक असावा. नावे आणि क्रमांक यांची जोड फक्त दोन विश्वस्तांजवळ असावी, आणि त्यांतील एक भगिनी असावी, कारण घरातील स्त्री दुसऱ्या स्त्रीला जे सांगते ते पुरुष मंडळीपुढे कधीच सांगत नाही.

गुप्ततेविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. दात्यांची नावे याच स्मरणिकेत ठळक अक्षरांत छापली जातात. त्यात गैर काही नाही, एकाचे पाहून दुसरा देतो. परंतु औषध घेणाऱ्याचे छायाचित्र पाकीट हातात धरून छापणे बंद झाले पाहिजे. पिंगुळी लहान गाव आहे. येथे कोणाच्या दुकानाचे शटर किती वाजता उघडले, हेही ठाऊक असते. ज्याच्या घरी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, तो फिट्सच्या औषधासाठी मदत घेताना फोटोला उभा राहणार नाही. तो औषधच सोडील. कथेतील त्या वृद्ध व्यापाऱ्याने मुनींना दुकानात बोलावले नव्हते. माल मित्रांच्या हाती दिला होता.

घरी उरलेल्या गोळ्या मंदिरात आणून ठेवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती मात्र नको. कोणत्या उष्णतेत त्या राहिल्या, मुदत किती उरली, याचा भरवसा नसतो. दान म्हणून मुदत संपत आलेला माल देणे कापडातही शोभत नाही.

आरंभ करण्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. वीस रुग्णांचे जनऔषधीच्या भावाने दरमहा सरासरी हजार रुपये धरले तर वर्षाला २ लाख ४० हजार होतात. एका वर्षाच्या तिथी जशा लिहून घेतल्या जातात, तसेच एका रुग्णाचे एक वर्ष १२,००० रुपयांना लिहून घेता येईल. वीस घरे पुढे आली की खाते उभे राहिले. चिठ्ठी दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना पुन्हा दाखविण्याची अट ठेवावी, म्हणजे बंद झालेले औषध चालू राहणार नाही आणि रुग्णाची तपासणीही होईल.

आणि एक काम आजच प्रत्येक घराने करावे. शिधापत्रिका, आधार कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सर्व जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवाव्यात. उत्पन्नाचा दाखला जुना चालत नाही, तो वेळोवेळी नवा काढावा लागतो. माणूस आजारी पडल्यावर कुडाळच्या तहसील कचेरीत रांगेत उभे राहण्यास घरात कोणी मोकळे नसते. ज्या वृद्ध दांपत्यांची मुले मुंबई-पुण्यास आहेत, त्यांची ही पिशवी तयार करून देण्याचे काम युवक मंडळाने पर्युषणापूर्वी हाती घ्यावे.